बॉनेटखालची सफाई घरच्या घरी: इंजिनाला इजा न करता ती कशी करावी

गाडी बाहेरून नियमित धुतली जाते, आतूनही झाडली-पुसली जाते. बॉनेट मात्र वायपरचे पाणी भरण्यापुरते किंवा ऑइल पाहण्यापुरतेच उघडले जाते. दरम्यान तिथे धूळ बसत राहते, त्या धुळीत तेलाचा अंश मुरतो आणि वर्ष-दोन वर्षांत इंजिनावर काळपट, चिकट थर जमतो. हा थर दिसायला वाईट असतोच, पण त्याहून मोठी अडचण ही की त्याच्याखाली नुकतीच सुरू झालेली तेलगळती, चिरत चाललेला रबरी पाइप आणि उंदराने कुरतडलेली वायर यांपैकी काहीच नजरेस पडत नाही. म्हणून मी ही सफाई चकाकीसाठी करत नाही. इंजिन नीट दिसावे म्हणून करतो, आणि खाली सांगितलेली प्रत्येक पायरी त्याच हेतूने ठरवली आहे.

पहिल्यांदा मी हे काम चुकीच्या पद्धतीने केले होते. प्रेशर वॉशरची धार मारून सगळे इंजिन धुऊन काढले आणि संध्याकाळी गाडी व्यवस्थित सुरू झाली म्हणून निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थरथरू लागले आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. मेकॅनिकने एक इग्निशन कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग, वर ओढून काढली तेव्हा तिच्या रबरी टोकावरून पाणी ठिबकले. स्पार्क प्लग ज्या खोल भोकात बसवलेला असतो त्यात बोटभर पाणी साचून तांबूस झाले होते, आणि वरून पाहताना त्याचा मागमूसही लागत नव्हता. तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली आहे: जेवढे होईल तेवढे काम कोरडे करायचे, उरलेले ओलसर फडक्याने करायचे आणि धारेचे पाणी इंजिनाच्या वाऱ्यालाही उभे करायचे नाही. अशा पद्धतीने वेळ जास्त लागतो. इंजिन थंड होण्याचा आणि वाळण्याचा वेळ सोडून पहिल्या खेपेला तीन-चार तास हाताशी ठेवा.

कोणत्या गाडीवर हे काम करू नये

बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर सफाईचा विचार त्या दिवशी सोडून द्या आणि आधी इंधनगळती दुरुस्त करून घ्या. चेक इंजिनचा दिवा आधीपासून लागलेला असेल तरीही थांबावे, कारण नंतर बिघाड जुना की सफाईमुळे झालेला हे कळायला मार्ग राहत नाही.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॉनेटखाली जाड नारिंगी केबल दिसतात. त्यांतून शेकडो व्होल्टची वीज वाहते. अशा गाडीत नारिंगी केबल, त्यांचे जोड आणि त्या ज्या पेट्यांत शिरतात त्या पेट्या यांना हात लावू नका, त्यांवर काही फवारू नका आणि कोणतेही झाकण उघडू नका. उघड्या प्लास्टिकवरची धूळ कोरड्या मायक्रोफायबर फडक्याने टिपण्यापलीकडे घरी काही करू नये. बाकी गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय म्हटले आहे ते पाहावे. मॅन्युअल पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठीही आधी वाचायलाच हवे, कारण काही उत्पादक इंजिनावर पाणी मारू नये असे स्पष्ट लिहितात.

लागणारे साहित्य

- मऊ आणि मध्यम केसांचे दोन-तीन ब्रश, एक रुंद रंगाचा ब्रश आणि एक जुना टूथब्रश
- किमान आठ-दहा मायक्रोफायबर फडकी. त्यांतली दोन फक्त कोरडे पुसण्यासाठी बाजूला ठेवावीत
- अरुंद तोंडाचा व्हॅक्यूम क्लीनर किंवा थंड हवेचा ब्लोअर
- पाण्यात मिसळणारे डिग्रीझर (तेलकट मळ सोडवणारा द्रव) किंवा ऑल पर्पज क्लीनर
- दोन स्प्रे बाटल्या, एक क्लीनरची आणि एक साध्या पाण्याची. दोन्हींवर ठळक नाव लिहा
- जाड प्लास्टिकच्या पिशव्या, ॲल्युमिनियम फॉइल आणि रबर बँड
- नायट्राइल हातमोजे, डोळ्यांवर गॉगल आणि मास्क
- बॅटरीच्या नटाला बसणारा पाना
- खाण्याचा सोडा
- प्रखर टॉर्च
- खाली अंथरायला जुनी चादर किंवा जाड पुठ्ठा

पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल या यादीत मुद्दाम नाहीत. तेलकट थर त्यांनी लवकर सुटतो हे खरे आहे, पण त्यांची वाफ पेटते, आणि इंजिनाच्या कप्प्यात गरम धातू आणि विजेच्या ठिणग्या दोन्हींची शक्यता असते. दुसरे नुकसान सावकाश होते. कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, रबरी पाइप बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. हे रबर उष्णता आणि कूलंट उत्तम सोसते, पण खनिज तेल लागत राहिले की फुगते आणि मऊ पडते. डिझेल फवारलेले इंजिन दोन दिवस काळेभोर आणि तजेलदार दिसते, मग त्याच तेलकट पृष्ठभागावर धूळ पहिल्यापेक्षा लवकर चिकटते.

१. गाडी योग्य जागी उभी करा आणि इंजिन थंड होऊ द्या

गाडी सावलीत, सपाट आणि मोकळ्या जागी उभी करून हँडब्रेक ओढा. बंद गॅरेज नको, कारण शेवटी इंजिन सुरू करावे लागते आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

गाडी चालवून आणली असेल तर किमान दोन तास थांबावे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा धातूचा भाग, चालत्या गाडीत काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि वरचे प्लास्टिक थंड झाल्यावरही बराच वेळ गरम राहतो. गरम धातूवर थंड पाणी पडले की तो एका बाजूने अचानक आकसतो, आणि त्यातून तडा जाऊ शकतो. शिवाय गरम पृष्ठभागावर क्लीनर क्षणात वाळून त्याचे पांढरट डाग पडतात, ते मग सहजासहजी निघत नाहीत. आधी हात धातूजवळ धरून धग लागते का ते पाहा. धग नसेल तर इंजिनाच्या वरच्या भागावर तळवा टेकवा. तो दहा सेकंद सहज ठेवता आला तरच पुढे जा.

अंगठी, कडे, मनगटी घड्याळ काढून ठेवावे आणि बाह्या वर सारून घ्याव्यात. किल्ली गाडीत ठेवू नका. अनेक गाड्यांत इग्निशन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, त्यामुळे बॅटरी सुटेपर्यंत पंख्याच्या पात्यांजवळ बोटे नेऊ नयेत.

२. आधी फोटो काढा, मग कशालाही हात लावा

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते ती सर्वांत उपयोगाची आहे. बॉनेट उघडून चारी बाजूंनी, टॉर्चच्या उजेडात, दहा-पंधरा फोटो काढा. नंतर एखादी क्लिप निसटलेली दिसली तर ती आधीपासून तशी होती की आपल्या हातून निघाली, हे फोटोवरून कळते.

त्याच वेळी मळ वाचायला शिका. सगळीकडे सारखी पसरलेली राखाडी धूळ निरुपद्रवी असते. एकाच जागी गोळा झालेला ओला, काळा मळ मात्र वरून कुठूनतरी तेल येत असल्याची खूण आहे. इंजिनाच्या माथ्यावरचे व्हॉल्व्ह कव्हर जिथे बसते त्या कडेने असा पट्टा असेल तर तिथले गॅस्केट, म्हणजे जोडातून तेल बाहेर येऊ न देणारी पट्टी, झिरपत असण्याची शक्यता मोठी. पाइपाच्या जोडाशी पांढरा, हिरवट किंवा गुलाबी वाळलेला थर दिसला तर तिथून कूलंट झिरपून सुकले आहे. हे सगळे पुसून टाकण्यापूर्वी टिपून ठेवा. सफाई झाली की पुरावाही जातो.

३. बॅटरी सोडवा

बॅटरीची निगेटिव्ह, म्हणजे उणे चिन्हाची तार आधी सोडवा. नियम घोकण्यापेक्षा त्यामागचे कारण लक्षात ठेवावे: गाडीचा सगळा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो, त्यामुळे पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट सर्किट होते आणि मोठी ठिणगी पडते. लेड-ॲसिड बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून तिथे ठिणगी पडणे धोक्याचे आहे. निगेटिव्ह आधी सुटली की हा मार्गच बंद होतो. सफाईपुरती एवढी एक तार सोडवणे पुरते. सुटलेले टोक फडक्यात गुंडाळून बॅटरीपासून दूर अडकवून ठेवा.

काही गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलच्या पकडीवरच एक छोटी काळी पेटी असते. तो बॅटरीचा चार्ज मोजणारा सेन्सर असतो. टर्मिनल निघत नाही म्हणून त्याखाली पेचकस घालून उचकटू नका. नट पूर्ण सैल करून पकड हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवली की ती सुटते. बॅटरी सोडवल्यावर घड्याळ आणि खिडक्यांची आपोआप वर जाण्याची सोय पुन्हा लावावी लागू शकते, आणि काही रेडिओ कोड मागतात. तो कोड आधीच शोधून ठेवा.

४. कोरडी सफाई: निम्मे काम इथेच होते

वाळलेली पाने, काड्या आणि मोठा कचरा हाताने उचला. विंडशील्डच्या खाली, वायपरच्या पायथ्याशी जी पन्हळीसारखी जागा असते तिथे पाने सर्वांत जास्त साठतात. त्या जागेच्या दोन्ही टोकांना पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. पाने पाण्याने खाली ढकलली तर ती याच भोकांत जाऊन अडकतात, मग पावसाचे पाणी तुंबून थेट केबिनमध्ये उतरू शकते आणि पायाखालचे कार्पेट का ओले होते याचा उलगडा महिनोन्‌महिने होत नाही. म्हणून इथली पाने चिमटीत धरून वरच काढावीत आणि भोक मोकळे आहे ना ते टॉर्चने पाहावे. एक्झॉस्टच्या आसपास अडकलेली पाने तर एकही ठेवू नये. ती पेटू शकतात.

उंदराचे घरटे किंवा लेंड्या दिसल्या तर मात्र कोरडा ब्रश, ब्लोअर आणि व्हॅक्यूम यांपैकी काहीही तिथे वापरू नका, कारण त्याने रोगजंतू असलेली धूळ हवेत उडते. मास्क आणि हातमोजे घालून त्या जागेवर जंतुनाशक हलके शिंपडा, काही मिनिटे भिजू द्या आणि कागदाने टिपून पिशवीत बांधा. मग आजूबाजूच्या वायरी बोटांनी चाचपून पाहा. कुरतडलेल्या वायरीवरचे प्लास्टिक लहान दातांनी खरवडल्यासारखे दिसते आणि आत तांबे चमकते. अशी एक जरी वायर सापडली तरी पाण्याचा थेंबही न वापरता आधी ती दुरुस्त करून घ्यावी.

यानंतर रुंद ब्रशने वरून खाली धूळ झाडत जा आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूमचे तोंड धरून ती लगेच ओढून घ्या. ब्लोअर वापरायचा तर हवा आतून बाहेरच्या दिशेने मारावी. बॉनेटच्या आतल्या बाजूला असलेल्या फेल्टच्या पॅडवरून फक्त व्हॅक्यूम हलका फिरवा. तो पॅड पाणी शोषून ठेवतो आणि त्याच्या वजनाने लोंबू लागतो. रेडिएटरच्या पातळ पात्यांत अडकलेले किडे मऊ ब्रशने, पाती ज्या दिशेने उभी आहेत त्याच दिशेने काढावेत. ती पाती नखानेही वाकतात.

तुमची गाडी फक्त धुळकट असेल, तेलकट नसेल, तर इथेच थांबून एका ओलसर फडक्याने प्लास्टिक पुसून घेतले तरी काम पूर्ण होते. पुढच्या पायऱ्या तेलकट मळासाठी आहेत.

५. पाणी जिथे जाऊ नये ते भाग झाका

आपण धार मारणार नाही, तरी फवाऱ्याचे तुषार उडतात आणि फडक्यातून पाणी ओघळते. म्हणून झाकणे टाळू नका.

सर्वांत आधी एअर फिल्टरच्या पेटीत हवा जिथून शिरते ते तोंड आणि फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाचे जोड झाका. पाण्याला दाबून लहान करता येत नाही; सिलिंडरमध्ये पुरेसे पाणी शिरले तर वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथपर्यंत पोहोचायला बरेच पाणी लागते हे खरे, पण थोडे पाणीही फिल्टरचा कागद आणि हवा मोजणारा नाजूक सेन्सर खराब करू शकते.

त्यानंतर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारा भाग. तो थंड राहावा म्हणून त्याच्या आवरणाला मुद्दाम जाळीसारखी उघडी भोके ठेवलेली असतात, म्हणजे पाण्याला आत जाण्याचा मार्ग तयारच असतो. त्यावर फॉइल चांगली दाबून बसवा, कारण वेड्यावाकड्या आकारावर पिशवीपेक्षा फॉइल घट्ट बसते. मग फ्यूज बॉक्स, ईसीयूची (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाची) पेटी, बॅटरी, आणि इग्निशन कॉइल किंवा जुन्या गाडीत स्पार्क प्लगच्या वायरी जिथे इंजिनात उतरतात ती जागा. ऑइल भरण्याचे झाकण, डिपस्टिक आणि ब्रेक फ्लुइडच्या डबीचे झाकण घट्ट आहे याची हाताने खात्री करा. ब्रेक फ्लुइड स्वभावतःच पाणी ओढून घेते आणि पाणी मिसळले की त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. त्याचा परिणाम थेट ब्रेकवर होतो. तेच फ्लुइड बॉडीवर सांडले तर रंग उखडतो, म्हणून त्या डबीजवळ काम करताना फडके हाताशी असावे.

किती पिशव्या आणि किती फॉइलचे तुकडे लावले ते मोजून कागदावर लिहा आणि कागद विंडशील्डवर वायपरखाली अडकवा. विसरलेली पिशवी बेल्टमध्ये ओढली जाते किंवा एक्झॉस्टवर वितळून चिकटते.

आता एक आक्षेप हमखास येतो: गाडी पावसात चालते, इंजिनाचे कनेक्टर तर वॉटरप्रूफ असतात, मग एवढी काळजी कशाला? धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आयपी ६७ असा दर्जा असलेला कनेक्टर १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे राहिला तरी आत नुकसान होण्याइतके पाणी शिरत नाही, हे बरोबर आहे. पण ते साचलेल्या पाण्याबद्दल आहे. प्रेशर वॉशरसारखी धार सोसण्यासाठी आयपी ६९ के हा वेगळा दर्जा असतो. त्याच्या चाचणीत ८० अंश तापमानाचे पाणी ८० ते १०० बार दाबाने जवळून मारतात. गाडीतल्या प्रत्येक कनेक्टरला हा दर्जा असतो असे मुळीच नाही. शिवाय हे सगळे दर्जे नव्या कोऱ्या कनेक्टरचे असतात. दहा वर्षे उष्णतेत शेकलेले रबरी सील कडक होते, एखाद्या कनेक्टरची लॉकची दांडी तुटलेली असते. घरगुती प्रेशर वॉशर सहज १०० बारच्या पुढे जातो आणि अशा सीलला तो जुमानत नाही.

६. डिग्रीझर लावा, पण इंजिनावर नव्हे, ब्रशवर

क्लीनर बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पाण्यात मिसळा. प्रमाण ठरवता येत असेल तर सौम्य बाजूने सुरुवात करावी, म्हणजे एक भाग क्लीनरला दहा भाग पाणी. मळ हटला नाही तरच प्रमाण वाढवा. कॉस्टिक असलेले तीव्र क्लीनर उघड्या ॲल्युमिनियमवर पडले तर धातू काळवंडतो आणि तो डाग पुसून जात नाही. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात बोटभर जागेवर लावून पाहा.

मिश्रण ब्रशवर किंवा फडक्यावर फवारा आणि मग ते भागाला लावा. थेट फवारा फक्त मोठ्या, साध्या पृष्ठभागांवर मारावा: इंजिनाचे प्लास्टिक कव्हर, चाकांवरच्या कमानींची आतली बाजू, लॉकजवळची धातूची आडवी पट्टी. एका वेळी दोन वितींएवढाच भाग घ्या. दोन-तीन मिनिटे मुरू द्या, ब्रशने गोल फिरवत घासा आणि वाळण्यापूर्वी पुसून घ्या.

वरून सुरुवात करून खाली यावे, कारण मळ खालीच ओघळतो. ब्रॅकेटच्या मागे, बोल्टच्या डोक्याभोवती, पाइपाच्या क्लिपखाली टूथब्रश वापरा. वायरींची जुडी धुवायची नसते. ओलसर फडके तिच्याभोवती मुठीत धरून हलकेच एका दिशेने फिरवले की जुडी स्वच्छ होते. फडके ओढून फिरवू नका, कनेक्टरमधली पिन निसटते. बेल्ट आणि पुली यांना क्लीनर लागू देऊ नका.

७. बॅटरीच्या टर्मिनलवरचा फुलोरा काढा

टर्मिनलवर पांढरा किंवा निळसर-हिरवा भुसभुशीत थर आला असेल तर तो बॅटरीतल्या आम्लामुळे झालेला गंज आहे. हातमोजे आणि गॉगल घालूनच त्याला हात लावा. एक कप पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवा आणि टूथब्रशने थोडा थोडा लावा. फसफसणे थांबेपर्यंत घासा, मग साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसून पूर्ण कोरडे करा. झाकणे असलेली बॅटरी असेल तर ती घट्ट बंद हवीत. सोड्याचे पाणी आत गेले तर ते बॅटरीतल्या आम्लालाच निष्प्रभ करते. हा टूथब्रश नंतर फेकून द्यावा.

८. क्लीनर काढून टाका

साध्या पाण्याच्या बाटलीने फडके भिजवा, पिळा आणि क्लीनर लागलेली प्रत्येक जागा पुसा. फडक्यावर फेस येणे थांबेपर्यंत, साधारण दोन-तीन फेऱ्या लागतात. मला सगळ्या इंजिनाला मिळून दोन लिटरपेक्षा जास्त पाणी लागत नाही. क्लीनर तसाच राहिला तर रबर कोरडे पडते, म्हणून इथे घाई नको.

खाली अंथरलेल्या चादरीवर पडलेले तेलकट पाणी नाल्यात किंवा झाडांच्या मुळाशी जाऊ देऊ नका. चादर आणि तेलाने माखलेली फडकी वेगळ्या पिशवीत बांधा. ती घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. वापरलेले ऑइल आणि तत्सम कचरा स्वीकारणारी सोय जिथे असेल तिथे ती पोहोचवावी.

९. वाळवा, पिशव्या मोजा आणि मग इंजिन सुरू करा

कोरड्या फडक्याने जेवढे टिपता येईल तेवढे टिपा. सांध्यांतले पाणी ब्लोअरने थोड्या अंतरावरून उडवा. हवेचे तोंड कनेक्टरला चिकटवले तर पाणी बाहेर येण्याऐवजी आत ढकलले जाते. सगळी आवरणे काढा, कागदावरच्या आकड्याशी मोजून पाहा आणि बॉनेट उघडे ठेवून दोन-तीन तास जाऊ द्या. मग टॉर्चने स्पार्क प्लगच्या जागा, बोल्टभोवतीचे खळगे आणि बॅटरीची बैठक पुन्हा पाहा. पाणी दडून बसते ते इथेच.

एखादा ब्रश किंवा फडके आत राहिलेले नाही ना हे पाहून मगच बॅटरीची निगेटिव्ह तार जोडा. दोन्ही तारा सोडवल्या असतील तर पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. पकड हाताने हलवून पाहिल्यावर जराही फिरता कामा नये. इंजिन सुरू करून बॉनेट उघडेच ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालू द्या. आतल्या उष्णतेने उरलेला ओलावा उडून जातो. हलकी वाफ दिसली तर घाबरू नका. हात आणि फडकी मात्र पंख्यापासून व बेल्टपासून लांब ठेवा.

बेल्ट काही सेकंद चिरचिरला तर तो ओला झाला आहे, वाळला की आवाज थांबतो. इंजिन थरथरत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर लगेच बंद करा आणि गाडी चालवू नका. लुकलुकणारा दिवा बहुधा सिलिंडर नीट पेटत नसल्याचे सांगतो. तशा स्थितीत न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. पुन्हा बॅटरी सोडवा, कॉइलभोवतीची जागा वाळवा आणि तरीही सुधारणा नसेल तर मेकॅनिकला बोलावून सफाई केल्याचे स्पष्ट सांगा. ते लपवले तर तो नको तिथे शोधत बसतो.

१०. प्लास्टिकवर ड्रेसिंग, हवे असेल तरच

ड्रेसिंग म्हणजे प्लास्टिक-रबराला चकाकी देणारा द्रव. मी बहुतेक वेळा हे करत नाही, कारण चकचकीत थराखाली नवी गळती ओळखणे पुन्हा कठीण होते. करायचेच असेल तर पाण्यावर आधारित, न चिकटणारे ड्रेसिंग फडक्यावर घेऊन फक्त प्लास्टिकला आणि रबरी पाइपांना पातळ लावा आणि उरलेले पुसून घ्या. बेल्ट, पुली आणि एक्झॉस्टजवळ ते नको. बेल्टवर लागले तर तो घसरतो, आणि तोच बेल्ट अल्टरनेटरला व अनेक गाड्यांत कूलंटच्या पंपालाही फिरवतो.

११. आठवड्याने पुन्हा बॉनेट उघडा

खरा उपयोग इथे होतो. आठ दिवस गाडी नेहमीसारखी चालवा आणि मग थंड इंजिनावर टॉर्च धरा. एकदा माझ्या गाडीत व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, स्वच्छ राखाडी धातूवर, नखाएवढी मधाच्या रंगाची ओली रेघ दिसली. सफाईपूर्वीच्या फोटोत त्या जागी नुसता काळा थर होता. गॅस्केट बदलले आणि काम एवढ्यावरच निभावले. ते तेल तसेच ओघळत राहिले असते तर खाली असलेल्या गरम एक्झॉस्टवर पडले असते.

अशी रेघ दिसली तर पांढऱ्या कागदाने टिपून रंग पाहा: तपकिरी आणि बुळबुळीत असेल तर ऑइल, पातळ आणि रंगीत असेल तर कूलंट. जागेचा फोटो काढा, पुसून घ्या आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहा. कोरडी सफाई दोन-तीन महिन्यांनी आणि ओलसर फडक्याची वर्षातून एकदा केली की डिग्रीझर फारसा लागतच नाही. वाळलेली पाने मात्र वायपरच्या पायथ्याशी दिसतील तेव्हा हातासरशी काढून टाका.